सोनकोंडला निघालेलं घर

जनीचं घर श्रावणात पडलं, आणि फाल्गुनात ती दुसरं घर लॉरीच्या मागे बांधून गावाकडे निघाली. मधल्या सहा महिन्यांत काय घडलं ते सांगितल्याशिवाय हे कोणाला पटायचं नाही, म्हणून आधी तेवढं उरकून घेऊ.

सोनकोंड हे खोताचं गाव. म्हणजे गाव लोकांचंच होतं, पण तात्या खोतांना तसं अजून कोणी सांगितलेलं नव्हतं. वर्षातले कितीतरी दिवस कुळांनी खोताकडे फुकट राबायचं, त्याला वेठ म्हणत. पेरणीची वेठ, लावणीची वेठ, खोताच्या घरी लग्न निघालं तर लाकडं फोडायची वेठ. जनीचा नवरा रामा याने तर दोन उन्हाळे खोताच्या चिरेखाणीपासून गावापर्यंत रस्ता फोडण्यात घालवले आणि त्याबद्दल त्याला दुपारच्या आंबिलीपलीकडे काही मिळालं नाही. पुढे रामा तापाने गेला. त्याच आषाढात खोताचा माणूस लावणीच्या वेठीला बोलवायला दारात उभा राहिला, तेव्हा जनी ओटीवरून म्हणाली, "राबणारा गेला. आता या घरातनं वेठीला कोण येणार नाय. मी पण नाय."

बाईमाणसाने असं बोलणं खोताला झोंबलं. त्याने देवळात गावकी बसवली, गुरवाला देवापुढे गाऱ्हाणं घालायला लावलं आणि जनीला वाळीत टाकलं. जनीशी कोणी बोलायचं नाही. तिच्या वस्तूला कोणी शिवायचं नाही. ती समोरून आली तर वाट सोडून बाजूला उभं राहायचं. जो हे मोडील तोही तिच्यासारखाच वाळीत. यातलं वाट सोडायचं कलम खोताने स्वतः सुचवलं होतं, कारण एवढ्याशा गावात बाईला जागोजाग अपमान सोसावा लागला पाहिजे असं त्याला मनापासून वाटत होतं.

जनीने अशी दोन वर्षं काढली. पाणवठ्यावर ती गेली की बायका बाजूला व्हायच्या, आणि खरं सांगायचं तर तिला रांगेत उभं न राहता पाणी मिळायचं. पण मग श्रावणातल्या एका झडीत तिच्या घराची मागची भिंत बसली आणि छप्पर आत आलं. गावात चिरा काढून देणारा कोणी नाही, वासा धरायला कोणी नाही, पेंढा शाकारायला कोणी नाही. ती मिरजोळ्याला भावाकडे, काशीरामकडे येऊन राहिली. दिवाळी झाली आणि खोताचा निरोप आला. होळी पेटायच्या आत घरठाणावर घर उभं राहून चूल पेटली नाही, तर जागा ओसाड धरून तो ताब्यात घेणार होता. घर बांधायला कोणी हात लावणार नाही याची तजवीज त्यानेच केलेली, तेव्हा ही मुदत म्हणजे नुसती थट्टा होती.

त्या चार गुंठ्यांत जनीची अठरा वर्षं गेली होती, पण तिला जाळत होतं ते वेगळंच. जागा खोताच्या घशात गेली की सोनकोंडची प्रत्येक बाई वेठीला जाताना त्या मोकळ्या जोत्यावरून जाणार आणि 'नाही' म्हटल्यावर काय होतं ते रोज शिकणार. हे तिला जिवंतपणी बघायचं नव्हतं.

काशीराम रत्नागिरीत एका कारखान्यात कामाला होता. तिथे प्रवासी सर्व्हिस मोटारींच्या लाकडी बॉड्या बांधत. जनी एक दिवस त्याची भाकरी घेऊन गेली, तेव्हा चार माणसं एक तयार बॉडी चाकांच्या सांगाड्यावर बसवत होती. खिडक्या होत्या, दार होतं, वर छत होतं. ती बराच वेळ बघत उभी राहिली.

"यात बाकडी नाय घातली तर काय होईल?" तिने विचारलं.

"तर माणसं बसतील कुठं?" काशीराम म्हणाला.

"बसायची कशाला? राहतील."

काशीराम हसला. मग त्याने बहिणीच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याचं हसू गेलं. त्या दिवसापासून कारखान्यातून घरी आल्यावर त्याला दुसरं काम लागलं. एका जळालेल्या लॉरीचा सांगाडा भंगारात मिळाला, जनीच्या गळ्यातल्या पुतळ्या त्यात गेल्या, आणि माघ संपता संपता काशीरामच्या घरामागच्या परड्यात चाकांवर घर उभं राहिलं. बारा हात लांब, पाच हात रुंद. फणसाच्या फळ्यांच्या भिंती, वर पत्रा, दोन्ही अंगांना वर उचलायच्या मोठ्या झडपा, आणि मागच्या कोपऱ्यात पत्र्यावर जाड माती थापून केलेली चूल. मिरजोळ्याची माणसं येऊन बघून जायची आणि जाताना आपापसांत डोक्याशी बोट फिरवायची. जनीला ते दिसायचं. ती त्यांना चहा द्यायची नाही.

आता घर न्यायचं कसं, हा प्रश्न आला.

हरिश्चंद्र हा रामाचा जुना, परगावचा दोस्त. मुंबईच्या गोदीत दहा वर्षं लॉरी हाकून आता तो रत्नागिरी बंदरावरून कौलं वाहायचा. त्याने घराभोवती दोन फेऱ्या मारल्या, चाकांना लाथा मारून पाहिल्या आणि विडी पेटवली.

"वयनी, घर झकास हाय. पण गाडी हाकणं एक आणि मागं घर बांधून हाकणं एक. माजी लॉरी वळणातनं जाईल, पण मागचं घर आतल्या अंगाला कापत येईल. पुढचं चाक गेलं म्हणजे सगळं गेलं असं धरून चालायचं नाय. रस्ता घरानं ठरवायचा, लॉरीनं नाय."

"आणि?"

"आणि मागं घ्यायला सांगू नको. घर जोडून मागं घेणं म्हणजे सापाला शेपटाकडनं बिळात घालणं. दहा माणसं ढकलायला असली तर जमतं."

"दहा माणसं नाय मिळणार, भावजी. वाळीतल्या बाईचं घर म्हटल्यावर वाटेतल्या गावांची गावकी पण अंग काढून घेईल. आपण तिघं. चौथं माणूस लागेल असा रस्ताच धरायचा नाय."

हरिश्चंद्राने तिच्याकडे निरखून पाहिलं. मुंबईत त्याने बऱ्याच शेटजींचा माल वाहिला होता, पण एका वाक्यात सगळा हिशोब सांगणारं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटत होतं.

दुसऱ्या दिवसापासून जनी रस्ता चालायला लागली. मिरजोळे ते सोनकोंड सोळा मैल. तिने घराच्या लांबीची काथ्याची दोरी घेतली आणि घराच्या उंचीचा बांबू. प्रत्येक वळणावर दोरी रस्त्याच्या कडेकडेने धरायची, मधला भाग बाहेर पडतो का बघायचं. प्रत्येक झाडाखाली बांबू उभा करायचा. लिहिता येत नव्हतं म्हणून कमरेला एक सुंभ बांधलेला, त्यात गाठी मारायच्या. साधी गाठ म्हणजे थांबायची जागा, दुहेरी गाठ म्हणजे वळण, आणि गाठीत काडी अडकवलेली असली की समजायचं, इथे काहीतरी नडणार. रस्त्यावरच्या माणसांना वाटलं, सरकारने आता बायकासुद्धा मोजणीला ठेवल्या.

हातखंब्याच्या तिठ्यापर्यंत फारशा काड्या लागल्या नाहीत. एका वडाची फांदी खाली आलेली होती, ती काशीरामने आदल्या आठवड्यात मालकाला विचारून छाटली. एक मोरी अरुंद होती, पण तिचे कठडे घराच्या तळाच्या खाली राहत होते. बाजाराच्या दिवशी तिठ्यावर गाड्यांची दाटी होते, म्हणून बाजाराचा दिवस टाळायचा. खरी गोम पुढे होती. सरकारी रस्ता सोनकोंडला घाटीने उतरतो. त्या घाटीत सात वळणं. जनीने सातही ठिकाणी दोरी धरली. तिसऱ्या वळणावर दोरी निम्मी दरीत लोंबली, आणि पाचव्यावर तर पुरी.

संध्याकाळी तिघं परड्यात बसले. काशीराम म्हणाला, "घर मधे कापून दोन तुकड्यांत नेऊ."

"तुकडे जोडायला गावात कोण हाय?" जनी म्हणाली. "दुसरी वाट हाय. सड्यावरनं."

सडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचं जांभ्याचं पठार. झाड नाही, वळण नाही, कडेला दरी नाही, नुसता काळा सपाट कातळ. तिठ्यापासून जुनी गाडीवाट सड्यावर चढते आणि तीन मैल नाकासमोर जाते. सरकारी रस्त्यापेक्षा हे अंतर दीड मैल जास्त पडतं, म्हणून मोटारवाले तिकडे फिरकत नाहीत. सडा संपतो तिथे खोताची चिरेखाण, आणि खाणीपासून गावात उतरणारा रस्ता सरळ. चिऱ्यांनी भरलेल्या गाड्या बैलांच्या अंगावर येऊ नयेत म्हणून तो मुद्दाम लांबट उताराचा, रुंद आणि एकाही वळणाशिवाय फोडलेला.

"तो खोताचा खासगी रस्ता," काशीराम म्हणाला. "वर वाट अडवायला आडणं हाय."

"माज्या घोवानं फोडलाय तो," जनी म्हणाली. "दोन उन्हाळे मी त्याला तिथं भाकरी नेऊन दिली. त्या रस्त्यात खडा कुठं बसवलाय ता मना ठाऊक हाय. वेठीनं झालेला रस्ता हाय ना? मग वेठवाल्याच्या बायकोनं एकदा वापरला तर काय झिजणार हाय?"

हरिश्चंद्राने विडी विझवली आणि एवढंच विचारलं, "उतारावर माती हाय की कातळ?"

"कातळ."

"मग बिरेक धरेल."

होळीला चार दिवस होते तेव्हा ते निघाले. उजाडताच, समोरून गाड्या यायच्या आत. जनी हरिश्चंद्राच्या शेजारी बसली, हातात सुंभ. काशीराम मागे घराच्या दारात, दोन मोठे दगड घेऊन, कुठे थांबायची वेळ आली तर उडी मारून चाकाखाली सारायला. बैलगाडीच्या चालीने चालले होते. जनी बोटाने गाठी मोजत होती आणि आधीच सांगत होती, आता वळण, आता फांदी, आता मोरी, आता थांब, इथं समोरनं सर्व्हिस मोटार येते, ती जाऊ दे. हरिश्चंद्राने नंतर खूप जणांना सांगितलं की इतका निवांत प्रवास त्याने रिकाम्या लॉरीनेसुद्धा केलेला नव्हता. अर्थात हात त्याचे घामाने भिजले होते, ते त्याने सांगितलं नाही.

सड्यावर मात्र वाऱ्याने गाठलं. समुद्राकडचा वारा दुपारनंतर सुटतो म्हणून त्यांनी सकाळची वेळ धरली होती, पण वारा काही सुंभाच्या गाठी विचारून येत नाही. घराची भलीमोठी फळ्यांची बाजू त्याच्या तोंडाला आली आणि मागून काशीरामची हाक ऐकू आली की एका अंगाची चाकं हलकी होतायत. हरिश्चंद्राने गाडी थांबवली. वारा पडेपर्यंत थांबू म्हणाला.

"वारा पडेपर्यंत खोताला खबर जाईल," जनी म्हणाली. ती खाली उतरली आणि काशीरामला म्हणाली, "झडपा उचल. दोन्ही अंगांच्या. सगळ्या."

झडपा वर बांधल्या तसा वारा या अंगाने आत शिरून त्या अंगाने बाहेर पडायला लागला. आतली भांडी खडखडली, चुलीच्या मातीचे कण उडाले, पण चाकं खाली बसली. घर पुन्हा चालायला लागलं.

आडण्यापाशी खोताचा राखणदार विठू बसलेला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भोकं पाडलेले दोन दगडी खांब आणि त्यांत सरकवलेले तीन बांबू, एवढंच ते आडणं. लॉरी आणि मागचं घर बघून विठू उठला, आणि जनी खाली उतरली तसा त्याचा चेहरा गोंधळला. तिच्याशी बोलायचं तर बंदी. तो आभाळाकडे बघून म्हणाला, "कोणीतरी खोतांच्या आडण्याला हात लावायला लागलंय."

जनीने पहिला बांबू ओढून कडेला ठेवला.

"कोणीतरी बांबू काढतंय," विठू आभाळाला म्हणाला.

तिने उरलेले दोनही काढले. विठूला तिचा हात धरता येत नव्हता, तिला हटकता येत नव्हतं, आणि ती समोरून चालत आली तेव्हा तर त्याला गवतात उतरून उभं राहावं लागलं. शेवटी तो आडवाटेने गावाकडे धावत सुटला. लॉरी आणि घर आडण्यातून पार झाल्यावर जनीने तिन्ही बांबू परत जागच्या जागी लावले. खोताच्या वस्तूला धक्का लावला असं कोणी म्हणायला नको होतं.

उतार पहिल्या गेरात उतरायचा ठरला होता. लॉरी कण्हत होती, मागचं घर तिला पुढे रेटत होतं, आणि जनीला खिडकीतून रस्ता दिसत होता. हा पट्टा रामाने पहिल्या उन्हाळ्यात फोडला, हा दुसऱ्या. इथे त्याच्या अंगठ्यावर पहार पडली होती. तिला रडू आलं नाही, राग आला, आणि तो राग अंगात असताना तिला फार बरं वाटत होतं.

पायथ्याशी, गावाच्या तोंडाशी, माणसं जमली होती. पुढे तात्या खोत, डोक्याला रुमाल, हातात काठी. मागे पंचवीस-तीस गावकरी, विठू त्यांच्यातच धापा टाकत. रस्ता अडवून सगळे उभे. हरिश्चंद्राने गाडी थांबवली, काशीरामने उडी मारून चाकांखाली दगड सारले. घर लॉरीला टेकून गपकन थांबलं.

"हा माझा रस्ता आहे," खोत म्हणाले. "गाडी मागे घ्या."

"मागं जाता येत नाय, खोतानू," हरिश्चंद्र खिडकीतून म्हणाला. "या वाटेनं मागं घ्यायचा इचारच केलेला नाय."

"मग इथेच ठेवा. होळीपर्यंत ठेवा." खोतांनी मागे बघून हात केला. "बघता काय? दगड टाका चाकांपुढे. दहा जणं घराला हात लावा आणि बाजूच्या खड्ड्यात ढकला."

एकही माणूस हलला नाही. खोतांना आधी वाटलं, ऐकू गेलं नसेल. त्यांनी पुन्हा सांगितलं. तेव्हा दादू पुढे झाला. दादू गावकीचा मुख्य मानकरी, साठीचा, भित्रा, आणि रीतभात मोडली तर देव आपल्यालाच धरील असं आयुष्यभर समजून चाललेला. शूर माणूस तो नव्हताच. त्याने हात जोडले.

"खोतानू, तिच्या वस्तूला शिवायचं नाय, असं गाऱ्हाणं घातलेलं हाय. हे घर तिचं. कोणी शिवायचं कसं?"

जनी तेव्हा लॉरीतून उतरली होती. ती रस्त्याच्या मधोमध, सरळ, सावकाश पुढे चालत आली. तिला या क्षणाची खात्री होती असं म्हणता येणार नाही. सबंध माघ महिना तिने हा रस्ता मनात चालून पाहिला होता, आणि दर खेपेला ती याच जागेवर अडली होती. वळणं दोरीने मोजता आली, माणसं मोजता येत नव्हती. ती चालत राहिली. पहिल्यांदा दादू बाजूला झाला. मग दोघं, मग चौघं. मग सगळा गाव रस्ता सोडून दोन्ही कडांना उभा राहिला, जसा गेली दोन वर्षं पाणवठ्यावर राहायचा तसाच, माना खाली घालून. मधे एकटे खोत उरले.

"दादू, वाळी उठवली म्हणून समज," खोत म्हणाले. "आत्ता, या घडीला. आता लावा हात."

दादूने मान हलवली. त्याच्या कपाळावर घाम आला होता. "अशी उठत नाय, तात्यानू. वाळीतल्या माणसानं स्वतः येऊन देवापुढं नारळ ठेवायचा, चूक झाली म्हणायचं. मग गुरव गाऱ्हाणं घालणार, मग गावाला जेवण. तिनं नारळ ठेवल्याबिगर देवसुद्धा उठवू शकत नाय."

खोत जनीकडे वळले. दोन वर्षांत ते तिच्याशी पहिल्यांदा बोलले, आणि बोलताना आपण काय मोडतो आहोत हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. गावाच्या मात्र आलं. "जने, नारळ ठेव. आत्ता ठेव. चूक म्हणायची गरज नाही. मी तुला गावात घेतो."

दोन वर्षांपूर्वी हे शब्द ऐकायला तिने काय दिलं नसतं. एकटीने जेवताना, आजारपणात एकटीने पाण्याचा तांब्या भरताना, हे शब्द तिने कितीदा मनात ऐकले होते. ते आठवून तिचा आवाज अधिकच ठाम झाला.

"मी नाय नारळ ठेवणार," जनी म्हणाली. "तुमी मना बाहेर काढलंत तेव्हा विचारलं नाय. आत घ्यायचं म्हटलंत तर मना विचारायला लागेल. आणि मी नाय म्हणतंय. मी हाय तिथं बरी हाय. बाजूला व्हा. मी समोरनं येतंय, आणि तुमचंच गाऱ्हाणं हाय."

खोतांनी काठी उचलली. दादू अगदी हळू, जवळजवळ विनवल्यासारखा म्हणाला, "शिवू नका, तात्यानू. बोललात ता आमी ऐकलं नाय म्हणू, पण शिवलात तर तुमाला पण वाळीत टाकायला लागेल. आमाला नको ता पाप." काठी तशीच वर राहिली. मग खाली आली. तात्या खोत रस्त्याच्या कडेला सरकले. त्यांचा जोडा गटारात गेला, पण तो उचलायला कोणी वाकलं नाही.

हरिश्चंद्राने गेर टाकला. काशीरामने दगड काढले. घर गावात शिरलं.

जनीचं जुनं जोतं गवताने भरलेलं होतं, पण शाबूत होतं. हरिश्चंद्राने घर नेमकं त्या बुटक्या जोत्यावर चढवलं आणि लॉरी पुढच्या बाजूने खाली उतरवली. इथेही मागे घ्यावं लागलं नाही, कारण जोत्याची पुढची बाजू मोकळी आहे हे जनीने आधीच दोरी धरून पाहिलं होतं. खोत मागोमाग आलेच होते. लांबून ओरडून म्हणाले, "चाकं असलेल्या वस्तूला घर म्हणत नाहीत."

"खरं हाय," जनी म्हणाली.

सांगाड्याची जुनी चाकं वाटेत टिकणार नाहीत म्हणून निघताना हरिश्चंद्राच्या मालकाची चाकं घातली होती आणि ती दोन दिवसांत परत द्यायची होती. दोन जॅक लावून, खाली चिरे सारत सारत, तिघांनी दुपारभर खपून घर जोत्यावर टेकवलं आणि चारही चाकं सोडवून लॉरीत टाकली. गाव दगडी गडग्यापलीकडे उभं राहून बघत होतं. दुपारी कोणी जेवायला गेलं नाही. ऊन उतरायला लागलं तेव्हा जनीने आत जाऊन चूल पेटवली. पत्र्याखालून, उघड्या झडपांतून धूर निघाला आणि सोनकोंडच्या प्रत्येक माणसाने तो होळीच्या चार दिवस आधी पाहिला. खोतांनीही पाहिला. ते घरी गेले. चुलीवर पेज शिजत असताना जनी पहिल्यांदा खाली बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वेठीची हाक आली. खोतांच्या शेतात भाजावळीला जाळायला झाडांच्या फांद्या, म्हणजे कवळ, तोडून आणायची होती. विठू नेहमीप्रमाणे घरोघर फिरत होता. "खोतांच्या कवळाला चला, खोतांच्या कवळाला चला." एकेका दारातून कोयती घेऊन एकेक जण बाहेर पडत होता. जनीच्या नव्या दारापाशी विठू आला, त्याने मान दुसरीकडे वळवली आणि हाक न देता पुढे गेला. पुढचं घर मैनाचं. मैनाचा नवरा मुंबईला गिरणीत, घरात ती आणि सासू. तिने हाक ऐकली. कोयती हातात घेतली. मग दारातच उभी राहून तिने विठूने वगळलेल्या जनीच्या दाराकडे एकदा पाहिलं, कोयती भिंतीला टेकवली आणि आत जाऊन एक खापर घेऊन आली.

ती गडगा ओलांडून, विठूच्या डोळ्यांदेखत, जनीच्या दारात येऊन उभी राहिली.

"जने," ती म्हणाली, सगळ्या वाडीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "माजी चूल इझली. विस्तव दे गो."

जनी चुलीपासून उठून दारात आली. "मैने, इचार केलास काय?"

"काल सगळा दीस तुज्या घराकडं बघत तोच केला."

विठू रस्त्यात उभा होता. आता मैनाला वेठीला बोलवायचं तर तिच्याशी बोलावं लागणार, आणि वाळीतल्या बाईशी बोललेली बाई म्हणजे वाळीतलीच. तो हाक न देताच पुढे सरकला. पलीकडच्या दोन दारांत बायका उभ्या होत्या, त्या विठूकडे बघत नव्हत्या.

जनीने चिमट्याने दोन चांगले लाल निखारे उचलून मैनाच्या खापरात ठेवले. मग ती चुलीपाशी बसली आणि आणखी लाकडं आत सारली, कारण गडग्यापलीकडे आता आणखी एक बाई खापर शोधत होती.